नेवऱ्याचे खेर, बुंदेलखंडचे बुंदेले

पानिपतच्या मैदानावर मराठ्यांची छावणी पडली ती इ. स. १७६० च्या नोव्हेंबरच्या आरंभी. डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत त्या छावणीची स्थिती पार पालटून गेली होती. भोवती खंदक खणलेला, खंदकाच्या काठाने तोफा मांडलेल्या, आत लढवय्यांच्या जोडीला बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले यांची दाटी. उत्तर हिंदुस्थानातील थंडी तर दिवसेंदिवस कडक होत चाललेली. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे धारातीर्थी पडले, तेव्हा सदाशिवरावभाऊंचा उजवा हातच गेल्यासारखे झाले. त्यानंतर दहाबारा दिवसांतच यमुनेपलीकडून दुसरी बातमी आली. अंतर्वेदीत अब्दालीच्या पाठीमागे धामधूम करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले होते. आणि त्यांचे शिर कापून अब्दालीने ते भाऊसाहेबांकडे पाठवून दिले, असे सांगतात.

पानिपतच्या हकिगतीत गोविंदपंतांचे नाव येते ते बहुधा दोनच प्रसंगी. वारंवार पत्रे जाऊनही त्यांनी पैसा पाठविला नाही, हा एक प्रसंग. आणि हे शिर, हा दुसरा. शाळकरी मुलांच्या पुस्तकात याहून अधिक जागा त्यांना मिळालेली नाही. परंतु ज्या मनुष्याकडे भाऊसाहेब पैसा मागत होते तो तेथे कसा जाऊन पोहोचला होता, त्या परक्या मुलखात त्याने काय उभे केले होते, त्याच्या मागे त्याच्या मुलानातवंडांचे काय झाले, हा वृत्तांत त्या दोन प्रसंगांहून पुष्कळच मोठा आहे. किंबहुना, तो समजून घेतल्यावाचून पैसा न पाठविल्याच्या आरोपाचाही नीट उलगडा होत नाही.

गोविंद बल्लाळ खेर हे त्यांचे मूळ नाव. रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्यापासून थोड्याच अंतरावर, नेवरे म्हणून गाव आहे. तेथील कऱ्हाडे ब्राह्मणांचे हे घराणे. गावच्या कुलकर्णाचे वतन त्यांच्याकडे होते. जन्म इ. स. १७१० च्या सुमाराचा. कोकणपट्टीतील अशा घरांची स्थिती श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. जमीन थोडी, भाऊबंद पुष्कळ, पाऊस उदंड आणि पीक बेताचे. लेखणी चालविता येणारा तरुण घाट चढून वर गेला की त्याला पुण्यास किंवा साताऱ्यास कोणाच्या तरी पदरी राहण्यावाचून गत्यंतर नसे. गोविंदपंतही असेच घाट चढले आणि पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत शिरले. तेथे त्यांच्या अंगची हुशारी व हिशेबीपणा धन्याच्या नजरेस आला असला पाहिजे. एरवी पंचविशीच्या आत-बाहेर असलेल्या मनुष्यावर पुढील कामगिरी सोपविण्यात आली नसती.

ती कामगिरी बुंदेलखंडाची होती. छत्रसाल राजास महंमदखान बंगशाने जैतपुरास कोंडीत धरले असता बाजीराव धावून गेले, ही १७२९ ची गोष्ट सर्वश्रुत आहे. उतराई म्हणून छत्रसालाने बाजीरावांस आपला तिसरा पुत्र मानले आणि आपल्या राज्याचा एक तृतीयांश भाग देऊ केला. १७३१ च्या डिसेंबरात छत्रसाल वारला. सागर, काल्पी, सिरोंज वगैरे महाल पेशव्यांच्या वाट्यास आले. कागदावर वाटणी झाली खरी. परंतु पुण्याहून शेकडो कोस दूर असलेला तो मुलूख ताब्यात ठेवावयाचा कोणी? हिरदेसा आणि जगतराज हे छत्रसालाचे पुत्र शेजारी नांदत होते, गढ्यागढ्यांतून बुंदेले ठाकूर बसले होते, त्यांपैकी एकाचाही दक्षिणेतून आलेल्या ब्राह्मणास वसूल देण्याचा उत्साह असणे शक्य नव्हते. या मुलखाची व्यवस्था १७३३ च्या सुमारास गोविंदपंतांच्या हाती आली.

त्यांनी आपले ठाणे सागर येथे केले. सागर हे नाव तेथील विस्तीर्ण तळ्यावरून पडलेले. इ. स. १६६० मध्ये उदनशहा नावाच्या राजाने तेथे एक लहानसा कोट बांधून परकोटा ही वस्ती वसविली होती. एवढेच काय ते पूर्वीचे. तळ्याच्या काठच्या उंचवट्यावर गोविंदपंतांनी १७३५ च्या सुमारास किल्ला उभारला, आणि त्याच्या आसऱ्याने जी पेठ वाढली तिचेच पुढे सागर शहर झाले. कोकणात समुद्राच्या काठी जन्मलेल्या मनुष्याने विंध्याच्या पठारावर जाऊन सागर नावाचे गाव वसवावे, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. तथापि ही जागा त्यांनी निवडली ती नावासाठी खास नव्हे. पाणी बारमाही, उंचवट्यावरून चौफेर नजर, आणि दक्षिणेकडून अंतर्वेदीत चढणारी वाट टप्प्यात. मामलतीचे ठाणे कोठे असावे, हे ज्याला कळते त्याने निवडलेली ती जागा आहे.

एक घर दूरदेशी जाऊन रुजले की त्याच्या मागोमाग दहा घरे जातात. गोविंदपंतांच्या मागून कोकणातील व देशावरील कारकून, भिक्षुक, शिलेदार, वैद्य, आचारी अशी माणसे बुंदेलखंडात गेली. चांदोरकरांसारखी आप्तसंबंधी घराणी सागरास कारभारात शिरली. याच ओघात नारो शंकरांनी झांशी वसविली व वाढविली, आणि पुढे रत्नागिरीकडचेच नेवाळकर तेथे सुभेदार झाले. राणी लक्ष्मीबाईंचे सासर ते हेच. या वस्त्यांतून मराठी घरातली भाषा राहिली आणि बाजारात, कचेरीत, शेतावर बुंदेली बोलली जाऊ लागली. सागर जिल्ह्यात रहली म्हणून गाव आहे. तेथे सुनार नदीच्या काठी पंढरीनाथाचे देऊळ उभे आहे. ते खेरांच्या घरातील लक्ष्मीबाई नावाच्या स्त्रीने बांधविले असे सांगतात. पंढरपूर दूर राहिले म्हणून विठोबालाच सुनारेच्या काठी बोलावून घेतले, एवढाच त्याचा अर्थ.

परमुलखात जाऊन घर करणाऱ्या मनुष्याची ही कथा केवळ मराठ्यांच्याच वाट्याला आलेली नाही. नेमक्या याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकास एका जर्मन घराण्याची कथा घडत होती. कोन्राड वायझर हा १६९६ मध्ये जर्मनीतील वुर्टेंबर्गात जन्मला. लढाया, दुष्काळ व कडक हिवाळा यांनी गांजलेल्या हजारो जर्मनांबरोबर त्याचे वडील मुलाबाळांसह १७१० मध्ये इंग्रजांच्या अमेरिकेतील न्यूयॉर्क वसाहतीत गेले. कोन्राड सोळा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला मोहॉक नावाच्या तद्देशीय लोकांत एक हिवाळाभर राहावयास धाडले. उपाशीतापाशी, थंडीत कुडकुडत तो त्यांची भाषा शिकला, आणि त्याच भाषेच्या बळावर पुढे पेनसिल्वेनियाच्या सरकारचा दुभाषा व वकील झाला. १७२९ मध्ये त्याने पेनसिल्वेनियात घर केले, तेथील रेडिंग शहराच्या स्थापनेत त्याचा हात होता, आणि १७६० च्या जुलैत, म्हणजे गोविंदपंतांच्या आधी पाचच महिने, तो वारला. दोघांनी एकमेकांचे नावही कधी ऐकले नसेल. तरीसुद्धा दोघांचे जीवितकार्य एकाच जातीचे होते. दूरचे सरकार आणि जवळची परकी माणसे, यांच्या मधल्या जागेत त्यांना उभे राहावे लागले. सरकारला मुलूख समजावून सांगावयाचा आणि मुलखाला सरकार. दोन्हीकडून भरवसा संपादावयाचा आणि दोन्हीकडून संशय सोसावयाचा.

गोविंदपंतांच्या नावातही या मधल्या जागेची खूण उमटलेली आहे. फार्सी लेखक त्यांना गोविंद पंडित म्हणतात. पुण्याच्या दप्तरात त्यांना गोविंदपंत बुंदेले म्हणू लागले. वस्तुतः बुंदेले हे ज्यांच्याशी त्यांना झगडावयाचे होते त्या रजपुतांचे कुलनाम. पण पुण्यातील कारकुनाच्या दृष्टीने बुंदेल्यांच्या मुलखातला तो बुंदेला. झांशीच्या बाजारात ते दक्षिणी पंडित आणि शनिवारवाड्यात बुंदेले. घर सोडून गेलेल्या मनुष्यास दोन्ही ठिकाणी दुसऱ्या ठिकाणचा म्हणून ओळखतात, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

१७५० नंतर मराठ्यांचे पाऊल यमुनेच्या पलीकडे अंतर्वेदीत पडले, तेव्हा इटाव्याच्या बाजूचे महालही गोविंदपंतांच्या देखरेखीखाली आले. त्यांचे दोघे पुत्र, बाळाजी गोविंद आणि गंगाधर गोविंद, हाताशी आले होते. सागरापासून काल्पी-इटाव्यापर्यंत पसरलेला हा कारभार म्हणजे जवळजवळ एक राज्यच होय. आणि येथूनच त्यांच्यावरील संशयाचा आरंभ होतो. इतका मुलूख हाताखाली असता इतकाच वसूल का, असा प्रश्न पुण्यास पडू लागला. पेशव्यांनी हिशेब तपासण्यास माणसे पाठविली. तपासनीस दाराशी आला म्हणजे चांगल्या मामलेदाराची देखील झोप उडते. येथे तर मामला वीसपंचवीस वर्षांच्या दप्तराचा होता. बाक्या निघाल्या, वाद झाले, मने कलुषित झाली. १७६० च्या मार्चमध्ये भाऊसाहेब पटदुराहून उत्तरेकडे निघाले, तेव्हा ज्या मनुष्यावर त्यांना पैशासाठी सर्वांत अधिक विसंबावयाचे होते, त्याच्याविषयी पुण्याच्या मनात आधीच किंतु शिरलेला होता.

भाऊसाहेबांनी त्या वर्षी गोविंदपंतांना धाडलेली पत्रे सुदैवाने आज उपलब्ध आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात पानिपतच्या प्रकरणाचे कागद भरपूर आले आहेत. ही पत्रे ओळीने वाचीत गेले म्हणजे मागण्यांची रांगच दृष्टीस पडते. इटाव्याजवळ नावा गोळा करा, यमुनेवर पूल बांधावयाचा आहे. शुजाउद्दौल्यास आपल्याकडे वळवा, निदान अब्दालीकडे जाऊ देऊ नका. अंतर्वेदीतील जमीनदार हाती धरा. रोहिल्यांच्या मुलखात धामधूम करा. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात: पैसा पाठवा. राजवाड्यांनी याच खंडाच्या प्रस्तावनेत मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर पानिपतच्या अपयशाचा मोठा दोष ठेवला, आणि राजवाड्यांच्या शब्दाचे वजन असे की, तो ठपका पुढे पिढ्यान् पिढ्या टिकून राहिला.

या मागण्यांपैकी एकेक तपासून पाहणे योग्य होईल. पुलाची गोष्ट प्रथम. भाऊसाहेब चंबळेच्या बाजूस येऊन पोहोचले तेव्हा जून लागला होता. पावसाळा सुरू झाला आणि नद्या दुथडी भरून वाहू लागल्या. पुरातील यमुनेवर नावांचा पूल टिकवून धरणे हे कोणाही मामलेदाराच्या हातचे काम नव्हते. शुजाची गोष्ट दुसरी. तो जुलैत अब्दालीस मिळाला. परंतु त्याला वळविण्यासाठी खुद्द भाऊसाहेबांचे वकील खटपट करीत होते, तेही फसले. नजीबखान रोहिल्याने स्वतः जाऊन त्याला आणला. यात एकट्या गोविंदपंतांचा काय अपराध?

राहता राहिला पैसा. हाच खरा आरोप. त्याचा विचार करावयाचा तर मराठी राज्यात वसूल गोळा कसा होई ते ध्यानात घेतले पाहिजे. मामलत ज्याच्याकडे सोपवावयाची त्याच्याकडून सरकार वर्षाच्या आरंभीच काही रक्कम उचलून घेत असे. तिला रसद म्हणत. लष्करातील दाणागोट्याची रसद निराळी आणि ही निराळी. ही म्हणजे पुढे येणाऱ्या वसुलावरची आगाऊ उचल. मामलेदार बहुधा ही रक्कम सावकाराकडून व्याजाने काढी आणि पीक आल्यावर मुलखातून वसूल करून तिची फेड करी. शिबंदीचा, म्हणजे ठाण्यातील शिपायांचा, पगारही त्याच वसुलातून. उरेल ते सरकारात भरावयाचे. यात सावकाराचा भरवसा हीच सगळी मेख. मुलूख शांत असेल, पीक उभे असेल, तर हुंडी मिळते. परचक्र आले की सावकाराची थैली सर्वांच्या आधी बंद होते.

१७६० चे साल या दृष्टीने पाहावे. जानेवारीच्या १० तारखेस बुराडीघाटावर दत्ताजी शिंदे पडले. अब्दाली दिल्ली आणि अंतर्वेद यांच्या परिसरातच तळ देऊन राहिला. रोहिले चढेल झाले. इटाव्याच्या बाजूची मराठी ठाणी एकामागून एक डळमळू लागली. अशा वेळी अंतर्वेदीतील जमीनदाराने मराठ्यांच्या कमाविसदारास सारा कोणत्या भरवशावर द्यावा? उद्या हा राहतो की अब्दाली राहतो, हे पाहिल्यावाचून तो गाठोडे सोडणार नाही. आणखी एक गोष्ट हंगामाची. मागणीचा जोर पावसाळ्यात, जेव्हा रब्बीचा वसूल संपलेला व खरीप अजून शेतात. आणि दुसरा जोर नोव्हेंबर-डिसेंबरात, खरिपाचे पीक नुकतेच खळ्यावर आलेले. शांततेच्या काळातही खळ्यावरचे धान्य विकून रुपया कचेरीत यावयास काही आठवडे लागतात. भाऊसाहेबांना रुपया आज पाहिजे होता. त्यांच्या निकडीविषयी कोण शंका घेईल? त्यांनी ऑगस्टात दिल्ली घेतली तेव्हा दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले, इतकी ती निकड होती. परंतु मागणाऱ्याची निकड खरी म्हणून देणाराने दडविलेच असले पाहिजे, असा निष्कर्ष निघत नाही.

गोविंदपंत धुतल्या तांदळासारखे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. तीस वर्षे एवढ्या मुलखाचा कारभार करून त्यांच्या घराण्यात संपत्ती साठली होती, ही गोष्ट उघड आहे. नाही तर पुढच्या पिढ्यांचे राजेपण उभेच राहिले नसते. त्या काळी सरकारचा पैसा आणि मामलेदाराचा पैसा यांच्यामधील रेषा आजच्याइतकी ठळक नव्हती, आणि आजही ती सर्वांनाच ठळक दिसते असे नाही. अडीच तपांच्या हिशेबात काही रकमा सागरच्या वाड्यात मुरल्या असतील. परंतु बाक्या थकविणे निराळे आणि ऐन लढाईच्या वेळी धन्यास तोंडघशी पाडणे निराळे. पहिल्या अपराधाचे माप दुसऱ्याच्या पदरात घालण्यात अन्याय आहे. त्या अन्यायाविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा खुद्द अब्दालीने देऊन ठेविला आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून भाऊसाहेबांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. त्याचे धान्य यमुनेपलीकडून, रोहिल्यांच्या मुलखातून व अंतर्वेदीतून येई. तो मार्ग तोडण्याची आज्ञा गोविंदपंतांना झाली. काशीराज पंडिताने त्यांच्याबरोबर दहाबारा हजार स्वार असल्याचे लिहिले आहे. आकडा फुगलेला असेल, फौज तर बहुतेक शिबंदीची, म्हणजे वसुलाच्या कामाची. गिलच्यांशी खुल्या मैदानात लढण्याची तिला सवय नव्हती. तरी पण ती मेरठेच्या बाजूपर्यंत गेली, वाटेतले धान्य लुटले, बंजाऱ्यांचे तांडे अडविले, आणि अफगाणांच्या छावणीत धान्य महाग होऊन लोक ओरडू लागले. अब्दालीने आपल्या निवडक स्वारांसह अताईखानास पाठविले ते यासाठी. जो मनुष्य हात आखडून स्वस्थ बसला आहे, त्याच्यावर ऐन मोर्चेबंदीतून फौज काढून रातोरात कोणी धाडीत नाही.

अताईखानाने लांबचा पल्ला एका दमात मारला आणि आजच्या गाझियाबादेजवळ जलालाबादेच्या परिसरात गोविंदपंतांना अवचित गाठले. फौज उधळली. गोविंदपंत घोड्यावर बसून निघाले, परंतु वय झालेले, शरीर जड, बैठक कच्ची. ते घोड्यावरून पडले आणि मारले गेले. वय झालेले म्हणजे किती? हिशेबाने पन्नाशीचे. वर्षानुवर्षे परगण्यांतून हिंडून हाडे खिळखिळी झालेला मनुष्य पन्नाशीत म्हातारा दिसतो, यात नवल नाही. फौजेबरोबर रोहिल्यांच्या तोंडाशी जाण्याऐवजी तो सागरच्या किल्ल्यात बसून राहिला असता तर त्याला अडविणारे कोणी नव्हते, हेही येथे नमूद करावयास पाहिजे.

ही हकिगत ज्याने लिहून ठेविली त्या काशीराजाविषयी दोन शब्द सांगणे अस्थानी होणार नाही. काशीराज हा स्वतः दक्षिणी. शुजाउद्दौल्याच्या पदरी मुत्सद्दी म्हणून असल्यामुळे पानिपतच्या वेळी तो अब्दालीच्या बाजूच्या गोटात होता. लढाईनंतर विश्वासरावांच्या व भाऊसाहेबांच्या देहांची ओळख पटविण्याच्या आणि त्यांना अग्नी देण्याच्या खटपटीत त्याचा भाग होता. पुढे १७८० च्या सुमारास त्याने फार्सीत आपला वृत्तांत लिहिला. म्हणजे एका परमुलखी महाराष्ट्रीयाचा अंत दुसऱ्या परमुलखी महाराष्ट्रीयाने, शत्रूच्या गोटात बसून, परक्या भाषेत लिहून ठेविला. त्या काळच्या हिंदुस्थानात आपला कोण आणि परका कोण याच्या सीमा कशा वाकड्यातिकड्या धावत होत्या, हे पाहण्यास ही दोन माणसे पुरेशी आहेत.

गोविंदपंत पडले आणि अब्दालीची वाट मोकळी झाली. भाऊसाहेबांच्या छावणीत मात्र उपासमार वाढतच गेली. पतियाळ्याच्या आलासिंग जाटाकडून येणारे धान्यही थांबले. दिल्लीहून नारो शंकरांनी पाठविलेल्या खजिन्याची एक तुकडी अंधारात वाट चुकून नेमकी अफगाणांच्या गोटात शिरली आणि कापली गेली. जलालाबादेच्या प्रसंगानंतर चार आठवड्यांच्या आतच, १७६१ च्या १४ जानेवारीस, पानिपतचा संहार झाला. गोविंदपंत आणखी महिनाभर जगते तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. पण त्यांच्यावर दोष ठेवणारांनी तो निदान एकदा तरी स्वतःशी विचारावयास हवा होता.

सागरास ही बातमी पोहोचली तेव्हा तेथील वाड्यात काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. घरचा कर्ता गेला, त्याच्या देहाला शिर नाही, उत्तरेत मराठ्यांचे नाव उरले की नाही याचीच शंका. पेशवे नानासाहेब सागरच्या पश्चिमेस भेलशापर्यंत आले होते; तेथेच त्यांना पानिपतची वार्ता कळली. ते परत फिरले आणि जूनमध्ये वारले. बुंदेले ठाकूर उठले. १७६२ मध्ये शुजाउद्दौल्याने काल्पी आणि झांशी घेतली. कोकणातील घरी परत जावयाचे असेल तर हीच वेळ होती. परंतु तीस वर्षांनंतर परत जावयाचे कोठे? नेवऱ्याच्या घरात आता चुलत्यांची मुले नांदत होती. बाळाजी आणि गंगाधर या दोघा भावांनी सागर आणि काल्पी-जालौन असा कारभार वाटून घेतला, गेलेली ठाणी एकेक करून परत मिळविली, आणि पुण्याशी जुन्या बाक्यांचा वाद चालवीत असतानाच दौलत सावरून धरली. १७७८ मध्ये मुंबईकडे निघालेली इंग्रजांची फौज बुंदेलखंडातून जाऊ लागली, तेव्हा काल्पीस तिला अडविणारे हेच गोविंदपंतांचे पुत्र. काल्पी त्या वेळी पडली, पण घराणे राहिले. १७८१ मध्ये सागरकरांनी गढामंडळ्याचे जुने गोंड राज्यही घेतले.

तिसऱ्या पिढीत चित्र आणखी पालटते. बाळाजींचे पुत्र रघुनाथराव आबासाहेब सागरच्या गादीवर होते, आणि त्यांच्या दरबारात पद्माकर हा ब्रजभाषेचा थोर कवी होता. पद्माकराचे पूर्वज तेलंगणातून उत्तरेत आलेले. आश्रयदात्याचा आजा कोकणातून आलेला. आणि दोघांमधील काव्यव्यवहार ब्रजभाषेत. नेवऱ्याच्या कुलकर्ण्याचा पणतू असलेला हा सरदार ब्रजभाषेतील कवित्ताला दाद देत होता, ती काही परक्या भाषेचे कौतुक म्हणून नव्हे. ती आता त्याची भाषा झाली होती.

रघुनाथराव १८०२ मध्ये वारले. त्यांना पुत्र नव्हता. विधवांच्या नावे चांदोरकरांनी कारभार चालविला, आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर सागरही इंग्रजांकडे गेले. राणीवशास पेन्शने बांधून देण्यात आली. जालौनची शाखा आणखी काही वर्षे तगली. दत्तकाची परवानगी, अल्पवयी वारस, वाढते कर्ज, अशा नेहमीच्या पायऱ्यांनी ती उतरत गेली आणि १८४० मध्ये इंग्रजांनी जालौनही खालसा केले. १८५७ मध्ये याच वंशातील ताईबाईंनी आपल्या अल्पवयी मुलाच्या नावे जालौनास पुन्हा राज्य उभारले आणि तात्या टोप्यांना साहाय्य केले. वर्षभराच्या आतच ते मोडले, आणि ताईबाईंना बंदी करून दूर बिहारात मुंगेरास ठेवण्यात आले. गोविंदपंतांनी तळ्याकाठी बांधलेल्या किल्ल्यात पुढे पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्था आली.

पेनसिल्वेनियातील वायझरच्या घराण्याचे काय झाले, तेही सांगून टाकले पाहिजे. त्याच्या मुलीचा विवाह १७४५ मध्ये म्यूलेनबर्ग नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाशी झाला. तिचा एक मुलगा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सेनापती झाला, आणि दुसरा, फ्रेडरिक, १७८९ मध्ये नव्या अमेरिकन संघराज्याच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती. घरात जर्मन बोलणाऱ्या कुटुंबातील हा मनुष्य सभेचे कामकाज इंग्रजीत चालवी. इकडे भारत स्वतंत्र झाल्यावर उत्तर प्रदेशाच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली, आणि १९५२ पासून १९६२ पर्यंत त्या सभेच्या अध्यक्षपदी झांशीकडचे आत्माराम गोविंद खेर होते. त्यांचे आडनाव ऐकून लखनौस आलेला एखादा मुंबईकर चमकून पाही. त्या सभागृहात मात्र ते कोणाला परके वाटत नसे.